टेबलाखालची पेटी

३ फेब्रुवारी

ताई,

चौथा स्क्रू बसेना. मी टेबलाखाली पाठीवर पडून होतो, तोंडात टॉर्च, छातीवर पेटी. तेवढ्यात दार उघडलं आणि बूट आत आले. काळे, पॉलिश केलेले. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा बोटभर जाड. माणूस खुर्चीवर बसला आणि ते दोन बूट माझ्या नाकासमोर असे येऊन ठेपले की मला उठताही येईना.

"झालं का?" वरून आवाज.

मी टॉर्च तोंडातून काढली. "एक स्क्रू राहिलाय, साहेब."

"चालू केल्यावर आवाज येतो?"

"आपल्याला नाही येत."

"मग चालू आहे हे कळायचं कसं?"

मी त्यांना त्यांच्याच फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. फोन खिशात ठेवा म्हटलं आणि पेटी चालू केली. बोला काहीतरी. त्यांनी एक ते दहा आकडे म्हटले, शाळेत म्हणतात तसे. मग फोन कानाला लावला असावा. मला फक्त बूट दिसत होते. ते हलायचे थांबले.

फोनमध्ये आकडे नव्हते. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज होता, बास. ही पेटी असा आवाज सोडते की तो माणसाला ऐकू येत नाही, पण माइकला येतो, आणि माइकला मग दुसरं काही ऐकू येत नाही. खिशातला फोन, मनगटावरचं घड्याळ, पेनात लपवलेला माइक, सगळ्यांची तीच गत. त्या खोलीत बोललेलं त्या खोलीत राहतं.

"कुणाला काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"माणसाला पत्ताही लागत नाही, साहेब."

"वा," बूट म्हणाले.

गिऱ्हाईक कोण, गाव कोणतं, विचारू नकोस. आमच्याकडे गिऱ्हाइकाला नाव नसतं, नंबर असतो. मला आता चार शहरं दिली आहेत, म्हणजे बढतीच म्हणायची. फोनवर मात्र यातलं एक अक्षर काढायचं नाही. खरं सांगायचं तर मला आता फोनवर काहीच बोलवत नाही. रोज दिवसभर लोकांच्या खिशातले कान बुजवायचे आणि संध्याकाळी आपणच फोनवर बडबडायचं, जमत नाही. म्हणून पत्र. पोस्टाला चार दिवस लागतात, लागू देत.

दाजींच्या कानाच्या यंत्राचं काय झालं? बसवलं का?

घुम्या

११ फेब्रुवारी

चि. घुम्या, आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा काढावा लागायचा, म्हणून तर घुम्या नाव पडलं. आता पानं भरून लिहितोस. पेटीवाल्यांचं भलं होवो.

यंत्र बसलं. पहिल्या दिवशी हे घरी आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, नळ गळतोय. मी म्हटलं, सहा वर्षं गळतोय. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुझा आवाज असा आहे होय. असा म्हणजे कसा, मी विचारलं. तर म्हणाले, पूर्वी जरा लांबून यायचा, बरा वाटायचा. अठरा वर्षं संसार करून हे ऐकायचं राहिलं होतं.

यंत्र कारखान्यात उपयोगाचं नाही म्हणतात. पत्रे दाबायच्या प्रेस खात्यात लावलं की डोकं फुटतं. तिथे तसंही कुणी कानाने ऐकत नाही, ओठ बघतात. हे आणि यांचा जोडीदार लंबू खात्याच्या दोन टोकांना उभे राहून गप्पा मारतात, मध्ये आठ प्रेस धडाडत असतात. लंबूची बायको म्हणते, तो घरी आला की त्याच्या पाठीमागे उभं राहून शिव्या द्याव्यात, सुखाने जेवतो.

तुझ्या धंद्याचं मला काही पटलं नाही. चोराच्या मनात चांदणं. ज्याच्या मनात काळंबेरं नाही तो टेबलाखाली पेट्या कशाला ठोकून घेईल? पण तू शहाणा, मी कोण सांगणार.

आणखी एक. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, गेल्या मंगळवारी तू बस स्टँडसमोर दिसलास, हातात निळी बॅग. मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, माझा भाऊ या गावात येईल आणि बहिणीचं दार न बघता जाईल? तुझे डोळे तपासून घे, गिऱ्हाइकांचे कान कापशील.

तो तू नव्हतास ना?

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

तो मी नव्हतो. त्या मंगळवारी मी दुसरीकडे होतो. न्हावी लोकांना आयुष्यभर आरशात बघतो, त्याला सरळ माणूस ओळखू येत नसेल.

दाजींना सांग, झोपताना यंत्राची बॅटरी काढून ठेवा. जास्त टिकते.

कामाची घाई आहे.

घुम्या

२८ मार्च

घुम्या,

लंबू गेला. ९ तारखेला, पहिल्या पाळीत, चार नंबरच्या प्रेसमध्ये. कसा, ते लिहीत नाही. बघितलं यांनी. तेव्हापासून जेवायला बसले की हात ताटावर धरतात आणि तसेच बसतात.

प्रेसपुढे जाळीचं दार असतं, त्याला गार्ड म्हणतात. दार उघडं असलं की प्रेस चालत नाही, अशी सोय असते. कुणीतरी त्या दाराचं बटण तारेने बांधून टाकलं होतं. मग दार उघडं असलं तरी प्रेसला ते बंदच वाटतं. तसं केलं की प्रत्येक वेळी दार लावत बसावं लागत नाही, माल लवकर निघतो. लंबू आत हात घालून अडकलेला पत्रा काढत होता.

२१ तारखेला कारखान्यात चौकशी झाली. हे खात्याचे सेटर, प्रेस जुळवून द्यायचं काम यांचं, म्हणून यांना साहेबाच्या खोलीत बोलावलं. साहेब, वरच्या कचेरीतले दोघं आणि लिहून घेणारी बाई. दारातच फोन काढून घेतला. हे यंत्र लावून गेले होते, धड ऐकू यावं म्हणून. आत पाऊल टाकलं आणि कानात वाळू ओतायला लागले म्हणतात. चर्र, चर्र, सारखं. कोण काय बोलतंय काही कळेना. साहेबाने काहीतरी विचारलं, यांनी मान हलवली. शेवटी कागद पुढे आला, यांनी सही केली.

त्या कागदावर लिहिलंय की तार यांनी बांधली. प्रश्न, 'गार्डची तार तुम्ही बांधली का?' उत्तर, 'हो.'

कामावरून काढलंय. प्रकरण पोलिसांत जाणार होतं, पण आधी सरकारी कारखाना अधिकाऱ्यापुढे २० एप्रिलला सुनावणी आहे. तिथे हा 'हो' टिकला तर माणूस मारल्याचा गुन्हा यांच्यावर. न ऐकलेल्या प्रश्नाला दिलेला एक 'हो'. लंबूची बायको मला रस्त्यात बघून दुसऱ्या बाजूला गेली. बरोबर आहे तिचं.

आता नीट वाच. परवा मी तुझी जुनी पत्रं काढली. करमत नव्हतं म्हणून यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. फेब्रुवारीतलं पत्र आलं. डाव्या बुटाचा तळ बोटभर जाड, हे वाचलं आणि यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. दोनदा वाचलं. म्हणाले, आमच्या साहेबाचा डावा पाय आखूड आहे.

गावाचं नाव लपवलंस, गिऱ्हाइकाचं नाव लपवलंस, आणि बूट लिहून बसलास.

न्हाव्याची मी माफी मागून आले.

यांच्या कानात वाळू तू ओतलीस. येऊन तेवढं सांग त्या अधिकाऱ्याला. दुसरं काही मागत नाही.

ताई

४ एप्रिल

ती. ताईस,

तो मीच होतो. कामाच्या गावात ओळखीच्या कुणाला भेटायचं नाही असं लिहून दिलेलं आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. खिडकीत दाजींचे शर्ट वाळत होते. परत फिरलो.

दाजी म्हणतात ते खरं आहे. कानाच्या यंत्रातही माइकच असतो. पेटी चालू असली की त्यातही तेच होणार. आमच्या माहितीपत्रकात सहाव्या पानावर लिहिलेलं आहे, खोलीत कानाचं यंत्र लावलेली व्यक्ती असेल तर पेटी बंद ठेवावी. मी साहेबांना हे सांगितलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुणाला सांगायची की नाही ते तू ठरव. ३० मार्चला आमच्या मुख्य कचेरीने मला पुन्हा तिथे पाठवलं, पेटी काढून आणायला. तुझं पत्र मला १ तारखेला मिळालं. म्हणजे मी पेटी काढत होतो तेव्हा मला काही माहीत नव्हतं. साहेब खोलीत नव्हते. शिपायाने दार उघडून दिलं. या खेपेलाही मी घरी आलो नाही.

पेटी माझ्यासमोर फळीवर आहे. तिच्यात एक नोंद असते, कधी चालू झाली, कधी बंद झाली, तारीख आणि वेळ. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. मी बघितलं. २१ मार्च, अकरा पाच ते अकरा पन्नास. पेटी चालू.

नोंद पुसून पेटी पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची असा हुकूम आहे. अजून पुसलेली नाही. पण मी तिथे येऊन साक्ष दिली तर इथे माझं काही उरणार नाही. मला दोन दिवस विचार करू दे.

घुम्या

८ एप्रिल

घुम्या, बाळा,

तुझं पत्र घेऊन मी तशीच यांच्यासाठी धरलेल्या वकीलबाईंकडे गेले. स्वयंपाक चुलीवर तसाच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणाल्या.

त्या म्हणतात, नोंद आहे हे चांगलंच, पण खरी गोष्ट ते एक वाक्य आहे. 'मी साहेबांना सांगितलं होतं.' साहेबाला माहीत होतं की कानाचं यंत्र लावणाऱ्याला त्या खोलीत ऐकू येणार नाही. यांच्या कानातलं यंत्र त्या दिवशी सगळ्यांना दिसत होतं. तरी पेटी चालू ठेवली. म्हणजे जाणूनबुजून. मग तो 'हो' गेला, आणि साहेबच उघडा पडला. तू हे शपथेवर सांगायचंस. पेटी घेऊन यायचंस. तुझं पत्र त्यांनी फायलीला लावून घेतलं, आज अर्जासोबत अधिकाऱ्याकडे जाईल.

नोकरीचं मला कळतं रे. पण नोकरी दुसरी मिळेल. हे आत गेले तर मला दुसरे कुठून मिळणार?

लंबूची बायको काल आली होती. आत आली नाही, उंबऱ्याशी बसली. मी तिला तुझ्या पेटीचं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तार भाऊजींनी नाही बांधली? मी म्हटलं, नाही. ती रडली. पाणी प्यायली आणि गेली.

यांना मी पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, त्याला कशाला ओढतेस यात. तुझी काळजी करतात.

१९ तारखेच्या बसने ये. या वेळी सरळ घरी.

ताई

१० एप्रिल

घुम्या,

हे पत्र ताईला न सांगता लिहितोय. न्हाव्याच्या दुकानात बसून. उत्तर द्यायचं तर त्याच्याच पत्त्यावर दे. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

मी प्रश्न ऐकला नव्हता. पण मला कळला होता. एकवीस वर्षं मी ओठ वाचतो. कानात चर्र सुरू झालं, मी यंत्र काढून खिशात टाकलं आणि साहेबाच्या तोंडाकडे बघितलं. तो म्हणाला, गार्डची तार तुम्ही बांधली का. मी हो म्हटलं. कारण मी बांधली. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्याने विचारलं नाही. मी सांगायला गेलो तर त्याने पान उलटलं.

२४ फेब्रुवारीला दुपारी त्याने मला त्याच खोलीत बोलावलं होतं. दोघंच. म्हणाला, महिनाअखेर माल गेला पाहिजे, चारही मोठ्या प्रेसची दारं बांधून टाक. मी म्हटलं, साहेब, लिहून द्या. तो हसला. म्हणाला, तुला घरी बसायचं असेल तर तेही लिहून देतो. तेव्हाही यंत्र खिशातच होतं, खात्यातून तसाच वर गेलो होतो. त्याचं सगळं ओठांवरून वाचलं.

मी अगदीच बावळट नाही. मला वास आला होता, म्हणून जाण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग लावून खिशात टाकला होता. चौदा मिनिटं. घरी येऊन ऐकलं तर नुसती वाळू. मला वाटलं, फोन बिघडला. मग वाटलं, माझे कान. ताईला ऐकवावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुझं बुटांचं पत्र तिने वाचलं त्या दिवशी कळलं, ती वाळू कुणाची.

खोली सोडून खाली आलो आणि मी तारा बांधल्या. चारही. लंबूला ओठांनी सांगितलं, जपून. त्याने अंगठा दाखवला.

ताईला मी सांगितलं की काही ऐकू आलं नाही. तेवढं खरं होतं. ती इतकी रडत होती की तिने त्याच्यापुढचं स्वतःच जोडून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. आता ते वकिलापर्यंत गेलंय, लंबूच्या बायकोपर्यंत गेलंय.

त्या खोलीत मला काहीच कळत नव्हतं असं ठरलं, तर साहेबाचा हुकूमही मला कळला नसणार. मग हुकूम झालाच नाही. मग लंबूला कुणीच मारलं नाही. मी सुटेन, पण माझ्याबरोबर तोही सुटेल. ते मला नको. मी २० तारखेला सांगणार आहे की तार मी बांधली आणि त्याने बांधायला लावली.

साहेब म्हणणार, २४ फेब्रुवारीला अशी भेट झालीच नाही. इथे मला तू हवास. तुझ्या पेटीत त्या दिवसाची नोंद असेल. दुपारी चार दहाच्या पुढे. माझ्या फोनमधली वाळू चार बाराची आहे. दोन्ही समोरासमोर ठेवल्या तर भेट झाली हे तरी सिद्ध होतं. शब्द नाहीत, पण मी त्याच्यासमोर होतो हे आहे. माझ्याजवळ दुसरं काही नाही.

ती नोंद जप. साहेबाला काय सांगितलंस आणि काय नाही, ते मी विचारत नाही.

दाजी

१५ एप्रिल

ताई, दाजी,

दाजी, तुम्ही न्हाव्याच्या पत्त्यावर लिहायला सांगितलं होतं. मी घरी लिहितोय. तुमचं पत्र सोबत परत पाठवतोय. ताईने ते आधी वाचावं, मग हे.

ताईचं पत्र मला १२ तारखेला मिळालं. वकीलबाईंना जे वाक्य हवं आहे ते खोटं आहे. मी साहेबांना सहाव्या पानाबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कुणाला त्रास? मी म्हटलं, पत्ताही लागत नाही. गिऱ्हाईक खूश होतं, मला बस पकडायची होती. दाजींच्या कानाचं मला त्याच आठवड्यात माहीत होतं. त्या खोलीत दाजी कधी बसतील हे डोक्यात आलं नाही. डोक्यात यायला हवं होतं, एवढंच.

पेटी घेऊन आलो असतो तर ते वाक्य शपथेवर म्हणावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं. मला वाटलं, पेटीत काही नसलं तर मला बोलावतील कशाला. दाजींचं काहीतरी वकील बघतील. नोंद पुसायची तर एक बटण आठ सेकंद दाबून धरायचं असतं. १२ तारखेला संध्याकाळी मी ते धरलं. १३ तारखेला ती पेटी दुसऱ्या गावी, दुसऱ्या टेबलाखाली बसवून आलो.

दाजींचं पत्र १४ तारखेला आलं.

फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. फोन करू नका हे मीच तुम्हाला शिकवलं.

पुसलेलं परत येत नाही. मी आमच्या कारागिराला दुसऱ्याचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, परत आलं असतं तर पेटी विकली कशी असती.

मी २० तारखेला येतो. हात रिकामे आहेत. जे आठवतंय ते सगळं सांगतो, २४ फेब्रुवारीची नोंद मी डोळ्यांनी बघितली होती तेही. बघितली होती. ४ तारखेला, २१ मार्च शोधताना. चार दहा ते चार सव्वीस. तेव्हा तिचा अर्थ मला माहीत नव्हता.

घुम्या

२२ एप्रिल

घुम्या,

तू साक्ष देऊन तसाच बस स्टँडवर गेलास. मी हाक मारली नाही. पुढचं तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

तुला बाहेर पाठवल्यावर यांचा फोन लावला. पंखा बंद केला, सगळे ऐकत बसलो. दोन मिनिटांनी अधिकारी म्हणाले, पुढे काय आहे? हे म्हणाले, असंच आहे, चौदा मिनिटं. कंपनीचा वकील म्हणाला, हा रस्त्याचा आवाज असेल, पाण्याचा असेल, पिठाच्या गिरणीचा असेल. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

तू सांगितलेली स्क्रूची भोकं बघायला माणूस पाठवला. साहेब म्हणाला, ते टेबल मोडीत गेलं.

मग त्या वकिलाने तुझं ४ तारखेचं पत्र काढलं. आमच्याच वकीलबाईंनी लावलेलं. 'मी साहेबांना हे सांगितलं होतं,' असं मोठ्याने वाचलं, आणि म्हणाला, हाच साक्षीदार तासाभरापूर्वी शपथेवर म्हणाला की सांगितलं नव्हतं. मग त्याची चार दहा ते चार सव्वीस कुठली समजायची? पत्रातली की शपथेवरची? वकीलबाई कागद चाळत राहिल्या.

तुझं पहिलं पत्रही माझ्याजवळ होतं. साहेबाने काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस ते त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. यांना मी स्वतः वाचून दाखवलं होतं. ४ तारखेला तू दुसरं लिहिलंस तेव्हा मला खोटं कळायला हवं होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. तेव्हा सगळं तुझ्या माथी मारत नाही. यांनीही माझ्यापासून लपवलं. घरात तिघं शहाणे, आणि तिघांनी एकमेकांना वाचवलं.

अधिकाऱ्यांनी यांना शेवटचं विचारलं, तार बांधली हे कबूल आहे? हे त्यांच्या ओठांकडे बघत होते. हो म्हणाले. हुकूम कुणी दिला? साहेबांनी. पुरावा? यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. जबाब तसाच कायम झाला. कागद पोलिसांकडे.

लंबूची बायको मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर मी तिच्याजवळ गेले. म्हणाली, तू मला सांगितलं होतंस, नाही बांधली. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, हुकमाचं खरं असेल गं, पण माझ्या पोराबाळांनी ते खायचं का? साहेब व्हरांड्यात उभा होता. त्याने तिला तिथेच कागद दिला, पॅकिंग खात्यात कायमचं काम. तिने घेतला. मी तिच्या जागी असते तर मीही घेतला असता.

रात्री यांनी मला सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. एकदाही थांबले नाहीत. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन पोलीस आले. हे दाढी करून तयार होते. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. सातला भोंगा झाला तेव्हा आम्ही कारखान्याच्या फाटकावरून चाललो होतो. पहिली पाळी आत जात होती, लंबूची बायकोही तिच्यात होती. चौकीच्या दारात त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दुपारी एकला एक शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही घरी जा.

ताई